पराग, पोद्दार आणि बीज : भांगेच्या लिंगज्ञानाचा इतिहास

भांग ही विभक्तलिंगी वनस्पती आहे. म्हणजे तिची नरफुले एका झाडावर आणि मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात, आणि दोन्ही प्रकारची झाडे एकाच मूठभर बियांतून साधारण निम्मी-निम्मी उगवत असली, तरी फुलांवर येईपर्यंत त्यांतला भेद सहसा डोळ्यांना दिसत नाही. नरझाड उंच, सडपातळ आणि विरळ पानांचे असते. त्याच्या लोंबत्या फुलांतील परागकोश फुटले की पिवळसर धूळ वाऱ्यावर उडते आणि ते काम आटोपले की झाड थोड्याच दिवसांत वाळते. मादीझाड बुटके, घनदाट आणि दीर्घायुषी असते. त्याच्या फुलाला रंग, सुगंध वा मध यांपैकी काहीही नसते, फक्त एका हिरव्या छदकातून, म्हणजे फुलाला वेढणाऱ्या छोट्या पानातून, बाहेर डोकावणारे दोन पांढरे तंतू असतात. हे तंतू म्हणजे पराग पकडणारे किंजल्क होत. त्यांवर पराग पडला की ते सुकतात आणि छदकाच्या आत बी भरू लागते; पराग पडला नाही, तर ते दीर्घकाळ ताजे राहतात, झाड नवी नवी फुले काढत राहते आणि छदकांवरील सूक्ष्म ग्रंथींत राळ साठत जाते.

या एका शरीरधर्मातून भांगेच्या शेतीचा सगळा इतिहास उलगडतो. या झाडापासून माणसाला तीन वस्तू हव्या होत्या : दोरा व कापड यांसाठी खोडाचा वाक, खाण्यासाठी व तेलासाठी बी, आणि औषध व नशा यांसाठी राळयुक्त फुलोरा. वाकासाठी नरझाड उत्तम, कारण त्याचा तंतू अधिक मऊ असतो. बियांसाठी नर आवश्यक, परंतु त्याचे काम होईपर्यंतच. आणि राळेसाठी नर म्हणजे केवळ नुकसान. म्हणून नराला केव्हा उपटायचे, या एकाच प्रश्नाची तीन वेगळी उत्तरे तीन प्रकारच्या शेतकऱ्यांनी दिली, आणि ती देताना झाडांनाही लिंग असते हे ज्ञान विद्वानांच्या ग्रंथांआधी शेतकऱ्यांच्या हातांना झाले. पुढे ज्याला हस्तपरागण म्हणतात, म्हणजे माणसाने स्वतः पराग आणून मादीफुलावर सोडणे, ते तंत्र याच ज्ञानाचे शेवटचे आणि सर्वांत काटेकोर रूप आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे शब्दांचा थोडा खुलासा आवश्यक आहे. भांग हे झाडाचे नाव आहे, तसेच त्याच्या पानांपासून केलेल्या पेयाचेही. मादीझाडाचा वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा. आणि झाडावरून खरवडून गोळा केलेली राळ म्हणजे चरस. महाराष्ट्रात दोरखंड आणि सुतळी यांसाठी ताग व अंबाडी ही पिके घेतली जात असल्यामुळे भांगेचा वाक येथे फारसा परिचित नाही, आणि त्यामुळे 'भांग' म्हटले की नशेचाच अर्थ मनात येतो. संस्कृत परंपरेत मात्र ती शेतीचे एक पीक म्हणूनही दिसते : पाणिनीच्या अष्टाध्यायीत तीळ, उडीद, जवस आणि अणु या पिकांच्या जोडीने भंगेच्या शेताला नाव देण्याचा नियम सांगितला आहे, आणि पिकाच्या नावावरून शेताला नाव पडते ते पीक नित्याचे असल्याशिवाय नाही. झाडांतील नर-मादी हा विषयही मराठी शेतकऱ्याला अनोळखी नाही. पपईच्या बागेत फुले दिसू लागताच नरझाडे काढून परागापुरती थोडीच ठेवण्याची रीत आहे, आणि करटोलीचे नर व मादी वेल वेगळे असल्यामुळे लागवडीत नरफूल तोडून मादीफुलावर फिरवण्याची पद्धत वापरली जाते.

भांगेच्या परागणाविषयीचे अत्यंत स्पष्ट असे जुने लेखी विवेचन चीनमध्ये सापडते. तेथे नरझाडाला 'शी' आणि बी धरणाऱ्या मादीझाडाला 'जू' अशी स्वतंत्र नावे फार पूर्वीपासून रूढ होती, आणि दुसऱ्या शतकातील त्स्वी षी या लेखकाने बी न धरणाऱ्या झाडाचा वाक चांगला असतो, असे नोंदवून ठेवले होते. सहाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात उत्तर वेई राज्यातील 'ज्या स-श्ये' नावाच्या अधिकाऱ्याने 'छी मिन याओ षू' हा शेतीवरील मोठा ग्रंथ लिहिला. त्यात वाकाच्या भांगेसाठी एक प्रकरण आणि बियांच्या भांगेसाठी दुसरे, अशी विभागणी आहे, आणि हे विभाजनच लेखकाची समज दाखवते. वाकासाठी लावलेले पीक राखेसारखी धूळ उडू लागली की काढावे, असे पहिल्या प्रकरणाचे सांगणे आहे. दुसऱ्या प्रकरणात नराने धूळ सोडल्यानंतर तो उपटावा आणि धूळ सोडण्याआधीच उपटला तर बी धरत नाही, असा इशारा दिला आहे. पराग, परागकोश वा किंजल्क यांपैकी एकही संज्ञा न वापरता येथे परागणाचे कार्य आणि त्याचा परिणाम यांची कारणमीमांसा पूर्ण झालेली आहे. ही नोंद युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या प्रयोगांहून सुमारे 1100 वर्षे जुनी आहे.

अर्थात, माणसाने पराग हाताने वाहून नेण्याची सुरुवात भांगेपासून झाली नाही. तो मान खजुराकडे जातो. खजूरही विभक्तलिंगी आहे, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या नदीखोऱ्यात, नरझाडाचा तुरा कापून मादीझाडाच्या फुलोऱ्यावर झटकण्याचे काम इतके नित्याचे होते की हम्मुराबीच्या कायद्यात खजुराची बाग परागणासाठी माळ्याकडे सोपवण्याचा व्यवहार आणि त्यात माळ्याने हयगय केल्यास होणारी भरपाई यांची कलमे आहेत. ग्रीक लेखक थिओफ्रास्टस याने ही पद्धत वर्णन केली. खजूर आणि भांग यांत फरक असा, की खजुराला माणसाच्या हाताची गरज भासते ती थोड्या नरांवर पुष्कळ माद्या पोसायच्या म्हणून; भांगेला मात्र ती गरज नसते, कारण वारा हे काम गरजेपेक्षा कितीतरी जास्त करतो. म्हणून भांगेच्या बाबतीत माणसाचा हात पहिली कित्येक शतके पराग आणण्यापेक्षा पराग अडवण्यातच अधिक गुंतला.

युरोपातील शेतकऱ्यांनाही भांगेची दोन प्रकारची झाडे चांगली ठाऊक होती, पण त्यांनी नावे नेमकी उलटी दिली. बी धरणारे, जाडजूड आणि उशिरापर्यंत उभे राहणारे मादीझाड त्यांना बलवान वाटले म्हणून ते 'नर' ठरले, आणि सडपातळ, लवकर वाळणारे नरझाड 'मादी' ठरले. इंग्रजीतील 'फिंबल' आणि जर्मनमधील 'फिमेल' ही नरझाडाची नावे लॅटिनमधील स्त्रीवाचक 'फेमेला' या शब्दापासून आली, तर मादीझाडाला इंग्रज शेतकरी 'कार्ल', म्हणजे गडी, म्हणत. हा घोटाळा अज्ञानाचा होता असे म्हणणे सोपे आहे. परंतु व्यवहारात त्यांचे वर्तन अचूक होते, कारण ते धूळ उडून गेल्यावर पहिल्या खेपेला 'फिंबल' उपटून मऊ वाक काढत आणि 'कार्ल' बी पिकेपर्यंत शेतात ठेवत. नावात बलाबलाचा पूर्वग्रह शिरला, पण कापणीच्या वेळापत्रकात तो शिरला नाही.

विद्वानांच्या जगात हा विषय 25 ऑगस्ट 1694 रोजी ट्यूबिंगेन येथील वैद्यकाचे प्राध्यापक आणि तेथील वनस्पती-उद्यानाचे प्रमुख रुडोल्फ याकोब कामेरारियस यांनी लिहिलेल्या एका लांब पत्राने नव्याने उभा राहिला. गीसेन येथील प्राध्यापक व्हॅलेंटिनी यांना लिहिलेल्या या पत्रात त्यांनी वनस्पतींना लिंग असते, परागकोश हे नराचे अवयव आहेत आणि किंजपुट, म्हणजे बी धरणारा भाग, हा मादीचा अवयव आहे, असे प्रयोगांच्या आधारे मांडले. तुती, एरंड, मका, पालक आणि मर्क्युरियालिस या वनस्पतींतील नरफुले काढून टाकली वा माद्या वेगळ्या ठेवल्या की बी भरत नाही, हे त्यांना दिसले. मात्र भांगेने त्यांना अडचणीत टाकले : नरांपासून दूर ठेवलेल्या माद्यांवरही काही बिया भरल्या, आणि कामेरारियस यांनी ही विसंगती लपवून न ठेवता आपल्या पत्रात नोंदवली. आज तिचे कारण सांगता येते. भांगेचा पराग वाऱ्याने फार दूर जातो, आणि मादीझाडावरही कधीकधी थोडीशी नरफुले उमलतात, त्यामुळे एकांतातली मादी पूर्ण एकांतात असतेच असे नाही. ही एक बाब पुढील दीडशे वर्षे वादाचे मूळ ठरली.

घरात भांग वाढवून तिच्या परागणाचा प्रयोग करणारे सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञ म्हणजे कार्ल लिनियस. त्यांनी 1753 साली या झाडाला 'कॅनाबिस सटिव्हा' हे शास्त्रीय नाव दिले आणि आपल्या वर्गीकरणात ते विभक्तलिंगी वनस्पतींच्या वर्गात ठेवले. सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीने वनस्पतींच्या लिंगाविषयी ठेवलेल्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या आणि 1760 साली पारितोषिक मिळवलेल्या प्रबंधात त्यांनी सांगितलेला प्रयोग असा : एप्रिल महिन्यात दोन कुंड्यांत भांगेचे बी पेरले, प्रत्येकीत 30 ते 40 रोपे उगवली, आणि त्या कुंड्या घरातील एकमेकींपासून दूर असलेल्या दोन खोल्यांत खिडकीपाशी ठेवल्या. एका कुंडीत नर आणि मादी दोन्ही राहू दिले. दुसरीतील नर ओळखू येताच काढून टाकले. पहिल्या कुंडीतील माद्यांना भरपूर बी आले. दुसऱ्या कुंडीतील माद्या कितीतरी अधिक काळ फुलत राहिल्या, त्यांचे किंजल्क लवकर सुकले नाहीत, आणि शेवटी छदके मोठी होऊनही आत बी भरले नाही. लिनियस यांनी याच प्रबंधात ट्रॅगोपोगॉन या वनस्पतीच्या एका जातीच्या फुलांचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलांना हाताने लावून संकर केल्याचेही सांगितले आहे. त्या दृष्टीने हा प्रबंध हस्तपरागणाच्या इतिहासातील एक टप्पा आहे. पण खिडकीतल्या दुसऱ्या कुंडीत त्यांनी जे पाहिले, ते बंगालमधील गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या व्यवहाराचेच मूळ होते, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

लिनियस यांच्या निष्कर्षावर सर्वांचे एकमत मात्र झाले नाही. इटालियन शास्त्रज्ञ लाझ्झारो स्पालांझानी यांनी 18 व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भांग आणि पालक यांच्या वेगळ्या ठेवलेल्या माद्यांवर बी धरल्याचे सांगून परागाची गरजच नाही, असे प्रतिपादन केले. 19 व्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रेंच व जर्मन शास्त्रज्ञ हाच प्रयोग पुन्हा पुन्हा करत राहिले, आणि शेवटी मादीझाडावर चुकून उमललेल्या नरफुलांचा शोध घेण्याइतकी तपासणी काटेकोर झाली, तेव्हाच हा वाद मिटला. एखाद्या सिद्धान्ताला मान्यता मिळण्यात त्याच्या विरोधकांची बेफिकिरी आणि अपवादांचा गोंधळ किती काळ आड येऊ शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्याच सुमारास बंगालमध्ये नर शोधून काढण्याचे हे काम एक व्यवसाय म्हणून चालत होते. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या जिल्ह्यांच्या सीमेवर, नौगाव या गावाभोवती असलेल्या पट्ट्याला 'गांजा महाल' म्हणत, आणि बंगाल प्रांतातील गांजाची लागवड याच पट्ट्यात एकवटलेली होती. उंचवट्यावरील वाफ्यात ऑगस्टमध्ये बी टाकायचे, सप्टेंबरमध्ये रोपे शेतात लावायची, नोव्हेंबरमध्ये नर काढायचे आणि जानेवारी-फेब्रुवारीत पीक काढायचे, असा या शेतीचा क्रम होता. नर काढण्यासाठी शेतकरी एका खास तज्ज्ञाला बोलावत, आणि त्याला 'पोद्दार' किंवा 'परखदार' असे म्हणत. पोद्दार म्हणजे मूळचा नाणी पारखणारा; मराठीत ज्याला पोतदार म्हणतात, आणि गावगाड्यात खरे-खोटे नाणे ओळखून देण्याचे काम ज्याच्याकडे असे, त्याचाच हा शब्द. खणखणीत नाणे निवडून काढावे तसे न उमललेल्या फुलांच्या कळ्यांवरून नर ओळखण्याचे काम करणाऱ्याला हेच नाव मिळाले, यात त्या समाजाने या ज्ञानाची केलेली किंमत दिसते.

पोद्दार रांगेने फिरत जाई आणि पानाच्या बगलेत, म्हणजे देठ आणि खोड यांच्या सांध्यात, येऊ घातलेल्या कळीची ठेवण पाहून नर ठरलेले झाड मोडून टाकी. मागून येणारे शेतकरी ती झाडे उपटून घेत. त्यानंतरही शेतकऱ्याला आठवड्यांमागून आठवडे शेतात फिरून चुकलेले नर आणि माद्यांवर उमललेली नरफुले काढावी लागत. हे काम अचूक झाले नाही तर नुकसान फक्त एका शेताचे होत नसे, कारण वाऱ्याला बांध नसतो. एका शेतातील काही थोडे नरही आसपासच्या सगळ्या फुलोऱ्याला बी आणण्यास पुरेसे असत, आणि बी धरलेल्या गांजाचा दर खाली येई. त्यामुळे गांजा महालातील शेती वैयक्तिक मालकीची असली, तरी तिचे यश शेजाऱ्यांच्या दक्षतेवर अवलंबून असे. पिकलेले कणीस पायाने तुडवून 'चपटा' गांजा, हातांनी वळून 'गोल' गांजा, आणि झडलेल्या फुलांपासून 'चूर' तयार होत असे. नौगावचा माल दूरवर विकला जाई.

या लागवडीचे वर्णन आज इतक्या तपशिलात मिळते, ते वसाहतीच्या महसुली गरजेमुळे. 1877 साली हेमचंद्र केर या अधिकाऱ्याने बंगालमधील गांजाच्या लागवडीवर व व्यापारावर अहवाल लिहिला, आणि 1893 साली कलकत्त्याजवळील शिवपूरच्या सरकारी वनस्पती-उद्यानातील डेव्हिड प्रेन यांनी दुसरा. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेत गांजाच्या दुष्परिणामांविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कपूरथळ्याच्या घराण्यातील कंवर हरनाम सिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तीन भारतीय सभासद त्यात होते. ऑगस्ट 1893 मध्ये कामाला लागलेल्या या आयोगाने 1,193 साक्षीदारांची मते घेतली आणि पुढील वर्षी सात खंडांत अहवाल दिला. माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, म्हणून सरसकट बंदी न घालता परवाने व कर यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि कर आकारायचा तर लागवड मोजक्या भागात एकवटलेली असावी, हे ओघाने आले. मध्य प्रांतात ती नेमाड जिल्ह्यातील खांडवा तहसिलीत होती, तर मुंबई इलाख्यात मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात; आणि 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याखाली इलाख्यातील या व्यापारावर सरकारचे नियंत्रण होते. गांजाची लागवड कुठेही असो, नर काढून टाकणे हाच तिच्या मशागतीचा गाभा होता.

येथे एक विरोध लक्षात घेण्यासारखा आहे. ज्ञान एकच होते, पण चीनच्या शेतकऱ्याने ते बी मिळवण्यासाठी वापरले आणि नौगावच्या शेतकऱ्याने बी टाळण्यासाठी. वनस्पतीच्या दृष्टीने पोद्दाराचे काम हे विवाहात विघ्न आणण्याचे होते, आणि त्याच विघ्नाला बाजारात दर मिळत असे. मात्र पुढील वर्षी पेरायला बी लागतेच. त्यामुळे गांजाच्या शेतीतही परागण पूर्णपणे टाळून चालत नसे, आणि चुकलेले नर हे नुकसान असले तरी ते पिकाच्या सातत्याचे अनपेक्षित हमीदारही ठरत.

20 व्या शतकात भांगेच्या पैदाशीने, म्हणजे हेतुपूर्वक चांगले वाण तयार करण्याने, पराग अडवणे आणि पराग देणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हाती आणली. अमेरिकेच्या कृषी खात्यातील लिस्टर ड्युई यांनी वाकासाठी सरस वाण निवडून काढण्याचे काम केले. जर्मनीत गुस्टाफ ब्रेडेमान यांनी एक कौशल्याचा उपाय शोधला : फुले उमलण्याआधीच नरझाडाच्या खोडाचा उभा अर्धा भाग कापून त्यातील वाकाचे प्रमाण मोजायचे, कमी वाकाचे नर तेथेच काढून टाकायचे, आणि उरलेल्या चांगल्या नरांचाच पराग माद्यांपर्यंत पोहोचू द्यायचा. वाऱ्यावर उडणाऱ्या परागाचे मूळ नियंत्रणात आणण्याची ही युक्ती होती. नर व मादी फुले एकाच झाडावर धरणाऱ्या, म्हणजे एकत्रलिंगी, वाणांच्या निर्मितीने तर नर-मादी वेगळे काढण्याची अडचणच दूर केली. 1930 नंतरच्या काळात जर्मनीतील फॉन झेंगबुश यांच्यासारख्या पैदासकारांनी त्या दिशेने काम केले.

या पैदाशीत पराग हाताने देण्याची रीत अशी : मादीची निवडलेली फांदी फुले उघडण्यापूर्वी कागदी पिशवीने झाकायची, म्हणजे इतरत्र उडणारा पराग तिला लागू नये, निवडलेल्या नराचा पराग स्वतंत्र कागदावर झाडून घ्यायचा, योग्य वेळी तो पराग त्या फांदीवर सोडून पिशवी पुन्हा बांधायची, आणि बी भरल्यावर त्या फांदीचे बी स्वतंत्र ओळखपट्टीसह ठेवायचे. वऱ्हाड-मराठवाड्यात संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात जे काम 'क्रॉसिंग' म्हणून केले जाते, तेच हे. फरक एवढाच, की कपाशीचे फूल द्विलिंगी असल्यामुळे आधी त्यातले परागकोश काढावे लागतात, तर भांगेच्या मादीफुलाला ती तयारी लागत नाही. गुजरातेत सी. टी. पटेल यांनी 1970 साली एच-4 हे कपाशीचे संकरित वाण दिल्यानंतर महाराष्ट्रातही हे काम शेतकरी कुटुंबांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हातांचे झाले. ज्या झाडाला हाताने पराग देता येतो, त्याच्या वंशावळीवर माणसाचा ताबा येतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

भांगेच्या लिंगज्ञानातील यापुढचा टप्पा भारतातील प्रयोगशाळेत घडला, हे फारसे ज्ञात नाही. भांगेच्या पेशीत 20 गुणसूत्रे असतात आणि माणसाप्रमाणेच मादीत दोन एक्स, तर नरात एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असते. परंतु फुलाचे लिंग केवळ गुणसूत्रांनी ठरत नाही, झाडातील संप्रेरकांनी, म्हणजे वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनांनी, ते बदलू शकते. दिल्ली विद्यापीठातील एच. वाय. मोहनराम आणि व्ही. एस. जैस्वाल यांनी 1970 साली एथ्रेल या रसायनाने नरझाडावर मादीफुले आणि 1972 साली जिबरेलिन या संप्रेरकाने मादीझाडावर नरफुले आणण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. 1982 साली मोहनराम आणि आर. सेट यांनी चांदीच्या संयुगांनी जनुकीयदृष्ट्या मादी असलेल्या झाडावर कार्यक्षम नरफुले आणता येतात, हे दाखवले. या फुलांच्या परागात वाय गुणसूत्र नसतेच, म्हणून त्यातून मिळणारे बी जवळजवळ सगळे मादी होते. 1990 च्या दशकापासून युरोपच्या बियाणे-व्यापारात ज्यांना 'फेमिनाइज्ड' म्हणजे केवळ मादीरोप देणाऱ्या बिया म्हणतात, त्यांचे तत्त्व हेच. पोद्दाराने शेतात जे काम नजरेने केले, ते प्रयोगशाळेने बियाण्यातच आणून ठेवले. त्या बियाण्याच्या शेतात पोद्दाराला फारसे काम उरले नाही.

घराच्या आवारात वा बंद खोलीत भांगेला हाताने पराग देण्याची रीत मात्र प्रयोगशाळेतून नव्हे, तर बंदीतून आली. 1970 च्या दशकात अमेरिकेत मेक्सिकोहून आयात होणाऱ्या गांजाऐवजी स्वतः घरी लावण्याची प्रवृत्ती वाढली आणि 'सिन्सेमिया', म्हणजे स्पॅनिशमध्ये बिनबियांचा, हे नाव बिनपरागण फुलोऱ्याला पडले. नौगावचे तंत्र त्या समाजाला नव्याने शोधावे लागले. बिनबियांचा फुलोरा घेणाऱ्याला पुढील हंगामासाठी बी मात्र घ्यावेच लागे, आणि दुकानात ते मिळत नसल्यामुळे एक निवडलेला नर वेगळ्या खोलीत ठेवून त्याचा पराग मादीच्या एका फांदीपुरताच लावायची पद्धत रूढ झाली. रॉबर्ट कॉनेल क्लार्क यांच्या 1981 सालच्या भांगेच्या वनस्पतिशास्त्रावरील ग्रंथाने हे छांदिष्टांचे ज्ञान शास्त्रीय परिभाषेत मांडले. हे सर्व कायद्याच्या बाहेर चालले होते, आणि त्यामुळे या काळातील वाणांचा इतिहास नोंदींपेक्षा ऐकीव माहितीवर अधिक उभा आहे.

1961 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानंतर भांगेचा वैद्यकबाह्य वापर ठरावीक मुदतीत बंद करण्याचे बंधन अनेक देशांवर आले. नौगाव आज बांगलादेशात आहे. तेथील शेतकऱ्यांनी 1917 साली सहकारी संस्था स्थापन केली होती, परंतु 1980 च्या दशकात तेथील गांजाची शेती बंद झाली आणि तिच्याबरोबर पोद्दाराचा व्यवसायही संपला. भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजाची व्याख्या केली ती अशी : भांगेच्या झाडाचे फुलोरे वा फळधारणा झालेले शेंडे, बी आणि पाने ही शेंड्यांसोबत नसतील, तर ती गांजात मोडत नाहीत. म्हणजे पोद्दाराने ज्या बियांना शत्रू मानले, त्यांनाच कायद्याने निर्दोष ठरवले. याच कायद्याने वाक, बी आणि बागायती उपयोगासाठी लागवडीस परवानगी देण्याची तरतूद ठेवली, आणि उत्तराखंड सरकारने 2018 साली तिच्या आधारे नियंत्रित लागवडीला सुरुवात केली. कुमाऊँ-गढवालमध्ये भांगेच्या बियांची चटणी हा नित्याचा पदार्थ असल्यामुळे तेथे या पिकाची ओळख नशेपुरती नव्हती. 2021 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बियांना खाद्य म्हणून मान्यता दिली.

भांगेच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना बहुधा नशेची बाजू इतकी ठळक होते की शेतीची बाजू मागे पडते. वास्तविक झाडांना लिंग असते, पराग आणि बी यांत कार्यकारण आहे, आणि माणसाच्या हाताने त्या संबंधात भर वा अडथळा घालता येतो, ही तिन्ही सत्ये या झाडाच्या शेतात शेतकऱ्यांनी पडताळली आणि मग ग्रंथांनी त्यांना नावे दिली. त्यामुळे वनस्पतींच्या लिंगज्ञानाची कथा कामेरारियस यांच्या पत्रापासून सुरू करणे इतिहासाशी धरून नाही. आजच्या भारतीय कायद्यानुसार मात्र परवान्याशिवाय या झाडाची लागवड करणे हा गुन्हा असून त्यासाठी 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गांजाच्या व्याख्येतून वगळलेले आणि अन्न म्हणून मान्य झालेले बी विकत घेऊन खाता येते; तेच बी परवान्याशिवाय मातीत टाकता येत नाही.